पोकेमॉन रेड-ब्लू : बॅग एडिट केली, पण बदल टिकत नाही किंवा सेव्हच उडते

सेव्ह फाइल हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट थेट दाखवणारं आणि बदलू देणारं सॉफ्टवेअर) उघडली, पोशनची संख्या ९९ केली, फाइल जतन केली, इम्युलेटर (गेम बॉयची नक्कल करून गेम चालवणारा प्रोग्राम) चालू केला, आणि बॅगेत पोशन पुन्हा तीनच. किंवा गेम सुरू होताच पडद्यावर ‘द फाइल डेटा इज डिस्ट्रॉइड’ आणि मेनूतून ‘कंटिन्यू’ गायब. किंवा नवी वस्तू बॅगेत दिसते, पण निवडली की बॅग सरळ बंद होते. वरवर पाहता तिन्ही एकच तक्रार वाटते, पण दुखणी तीन आहेत आणि तिघांचं औषध वेगळं आहे. आपली तक्रार नेमकी कुठली ते आधी ठरवा. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर चांगली सेव्हही हातची जाते.

इथले सगळे पत्ते, म्हणजे फाइलमध्ये किंवा मेमरीत एखादा बाइट कुठे आहे ते सांगणारे आकडे, गेम बॉयवरच्या १९९८ च्या इंग्रजी रेड आणि ब्लूचे आहेत. यलोमध्ये खाली दिलेले रॅममधले पत्ते एकाने कमी धरा (डी३१डी ऐवजी डी३१सी). फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिश आवृत्त्यांत ते पाचने जास्त आहेत (डी३२२). सेव्ह फाइलमधले पत्ते मात्र या सगळ्यांत सारखेच आहेत. जपानी आवृत्तीची रचना वेगळी आहे, तिथे यातला एकही पत्ता वापरू नका. हेक्स (सोळाच्या पायावरच्या) आकड्यांतली अक्षरं इथे ए, बी, सी, डी, ई, एफ अशी लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती अर्थातच रोमन टाइप करायची.

कशालाही हात लावण्याआधी सेव्ह फाइलची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि फाइलचा आकार बघा. तो बरोबर ३२,७६८ बाइट हवा. एक बाइट जरी कमी-जास्त असला तर एडिटरमध्ये ‘ओव्हरराइट’ऐवजी ‘इन्सर्ट’ चालू राहिलं होतं आणि पुढचा सगळा डेटा सरकला आहे. अशी फाइल दुरुस्त करत बसू नका, मूळ प्रत परत आणा.

बदल दिसतच नाही

सर्वांत जास्त वेळा यामागे सेव्ह स्टेट असते. गेममध्ये स्टार्ट दाबून ‘सेव्ह’ केलं की माहिती काडतुसातल्या बॅटरीवरच्या रॅममध्ये जाते, आणि इम्युलेटर तीच रॅम सेव्ह फाइल म्हणून डिस्कवर ठेवतो. सेव्ह स्टेट म्हणजे त्या क्षणीच्या अख्ख्या यंत्राचा फोटो. त्यात ही बॅटरीवरची रॅमही असते. म्हणजे तुम्ही फाइल बदललीत, इम्युलेटरने सुरू होताना जुनी स्टेट आपोआप लोड केली, की त्या स्टेटमधली जुनी बॅग तुमच्या बदलावर येऊन बसते. वर इम्युलेटर बंद करताना तीच जुनी माहिती फाइलमध्येही लिहिली जाते, त्यामुळे डिस्कवरचा बदलसुद्धा पुसला जातो.

ओळखायची खूण सोपी आहे. टायटल स्क्रीन आणि ‘कंटिन्यू’ न येता थेट खेळात उतरलात, तर तुम्ही स्टेटमधून आला आहात. आपोआप स्टेट लोड करण्याचा पर्याय बंद करा, गेम रीसेट करा आणि ‘कंटिन्यू’तूनच आत या. रेट्रोआर्च या इम्युलेटरमध्ये स्टेट लोड करताना सेव्ह रॅमवर लिहू नये असा वेगळा पर्याय सेव्हिंगच्या सेटिंगमध्ये आहे. एडिट करत असाल तोवर तो चालू ठेवा.

दुसरं कारण म्हणजे इम्युलेटर चालू असताना फाइल बदलणं. इम्युलेटरने फाइल सुरुवातीला एकदाच वाचलेली असते. तुम्ही बाहेरून काय बदललं हे त्याला कळत नाही, आणि बंद होताना तो आपल्याकडची जुनी माहिती लिहून मोकळा होतो. गेम बंद करणं पुरेसं नाही, अख्खा इम्युलेटर बंद करा. फोनवर तर तो ‘रिसेंट’मधूनही काढा, कारण तो मागे जिवंत राहतो.

तिसरं कारण चुकीची फाइल. एमजीबीए हा इम्युलेटर सेव्ह फाइल साधारणपणे रॉमच्या (गेमच्या फाइलच्या) शेजारीच, त्याच नावाने, डॉट एसएव्ही अशी ठेवतो. रेट्रोआर्च डॉट एसआरएम नावाने ठेवतो आणि सेटिंगप्रमाणे वेगळ्या, कधी कधी कोअरच्या (रेट्रोआर्चच्या आत गेम चालवणाऱ्या भागाच्या) नावाच्या, फोल्डरमध्ये. या गेमच्या बाबतीत दोन्ही फाइलींचा मजकूर एकसारखाच असतो, त्यामुळे शेपटी बदलून एकीकडची फाइल दुसरीकडे चालते. फक्त नाव रॉमच्या नावाशी तंतोतंत जुळायला हवं. शेवटी एक मोकळी जागा जास्त राहिली तरी इम्युलेटर नवी रिकामी फाइल तयार करतो.

या तिघांपैकी नेमकं काय झालं ते असं शोधा. गेम चालवून बघा, इम्युलेटर पूर्ण बंद करा आणि फाइल पुन्हा हेक्स एडिटरमध्ये उघडा. तुमचा बदल फाइलमधून गेला असेल तर कोणीतरी त्यावर लिहिलं आहे, म्हणजे स्टेट किंवा चालू राहिलेला इम्युलेटर. बदल फाइलमध्ये शाबूत आहे पण गेममध्ये दिसत नाही, तर गेम भलतीच फाइल वाचतोय.

बॅग आतून कशी असते

पुढचं सगळं याच्यावर उभं आहे, म्हणून इथे थोडं थांबूया. सेव्ह फाइलमध्ये बॅग २५सी९ या पत्त्यापासून सुरू होते. चालू खेळात हीच यादी रॅममध्ये डी३१डी पासून असते. पहिला बाइट बॅगेत किती प्रकारच्या वस्तू आहेत तो आकडा. त्यानंतर जोड्या: वस्तूचा क्रमांक, तिची संख्या, पुढच्या वस्तूचा क्रमांक, तिची संख्या. शेवटच्या वस्तूनंतर एफएफ, म्हणजे यादी संपल्याची खूण. बॅगेत २० प्रकार मावतात. एक बाइट मोजणीचा, चाळीस वस्तूंचे, एक शेवटच्या खुणेचा, असे ४२ बाइट, आणि त्याला अगदी चिकटून २५एफ३ वर पैसे सुरू होतात. मध्ये एकही रिकामी जागा नाही.

समजा बॅगेत टाउन मॅप एक, पोशन तीन आणि पोके बॉल दहा आहेत. फाइलमध्ये ते असे दिसतील:

०३ ०५ ०१ १४ ०३ ०४ ०ए एफएफ ०० ००

पोशन ९९ करायचे आणि शेवटी ९९ रेअर कँडी घालायच्या, तर हीच ओळ अशी व्हायला हवी:

०४ ०५ ०१ १४ ६३ ०४ ०ए २८ ६३ एफएफ

पोशनची संख्या सोडली तर नव्या वस्तूसाठी यात तीन गोष्टी एकदम बदलल्या: पहिला आकडा ०३ चा ०४ झाला, जुन्या एफएफच्या जागी नवी वस्तू बसली आणि एफएफ दोन घरं पुढे सरकला. यातली एक जरी राहिली तरी बॅग बिघडते.

पहिला आकडा वाढवायचा राहिला तर वस्तू यादीत दिसू शकते, पण ती निवडली की गेमला वाटतं तुम्ही ‘कॅन्सल’ दाबलं, आणि बॅग बंद होते. वरच्या तिसऱ्या तक्रारीचं मूळ हेच. खरं नुकसान नंतर होतं. दुकानातून एखादी नवी वस्तू घेतली की गेम ती कुठे लिहायची हे याच आकड्यावरून ठरवतो आणि तिच्यामागे लगेच एफएफ टाकतो. म्हणजे तुमच्या रेअर कँडीवर नवी वस्तू बसते आणि यादी तिथेच तुटते. अशा बॅगेत काही विकत घेण्याआधी आकडा दुरुस्त करा.

एफएफ पुढे सरकवायचा राहून पुसला गेला तर उलटं होतं. गेम थांबायची खूण शोधत पुढे वाचत राहतो आणि पैसे, प्रतिस्पर्ध्याचं नाव, असं जे लागेल ते वस्तू समजून दाखवू शकतो. बॅगेत विचित्र नावांच्या वस्तू दिसल्या तर त्यांना हात लावू नका, वापरू नका, फेकू नका आणि जागाही बदलू नका. त्या ‘वस्तू’ म्हणजे तुमचाच बाकीचा डेटा आहे. एफएफ योग्य जागी लिहा, त्या निघून जातात.

क्रमांकांच्या बाबतीत सर्वांत घातक चूक म्हणजे दशमान आणि हेक्स यांची गल्लत. रेअर कँडीचा क्रमांक दशमानात ४०, हेक्समध्ये २८. यादीत ४० वाचून एडिटरमध्ये तसंच ४० लिहिलं तर बॅगेत गोल्ड टीथ येतात. ती महत्त्वाची वस्तू असल्यामुळे गेम फेकूही देत नाही. पोशनचा दशमान क्रमांक २०. तो हेक्समध्ये तसाच लिहिला तर फायर स्टोन मिळतो. संख्येतही तेच: ९९ नग हवे असतील तर ६३ लिहायचं. थेट ९९ लिहिलं तर ते १५३ होतात आणि बॅगेत पहिल्या अंकाच्या जागी भलतंच चिन्ह उमटतं.

नेहमी लागणारे हेक्स क्रमांक: मास्टर बॉल ०१, अल्ट्रा बॉल ०२, ग्रेट बॉल ०३, पोके बॉल ०४, फुल रिस्टोअर १०, मॅक्स पोशन ११, एस्केप रोप १डी, रेअर कँडी २८, फुल हील ३४, रिव्हाइव्ह ३५, मॅक्स रिव्हाइव्ह ३६, मॅक्स रिपेल ३९, मॅक्स इलिक्सर ५३. पोकेमॉनला चाली शिकवणाऱ्या वस्तूंपैकी एचएम सी४ ते सी८, टीएम सी९ ते एफए. शून्य क्रमांक कधीही टाकू नका, ती वस्तूच नाही. १५ ते १सी हे बॅजचे क्रमांक आहेत. तेही बॅगेत ठेवायचे नसतात, बॅज वेगळ्या जागी नोंदवलेले असतात.

पैशांचा हिशेब मात्र उलटा आहे. ते तीन बाइट प्रत्येक अंक जसाच्या तसा ठेवतात, त्यामुळे ९,९९,९९९ हवे असतील तर ९९ ९९ ९९ असंच लिहायचं. बॅगेची सवय लागल्यावर इथे ६३ ६३ ६३ लिहिलं जातं, आणि मिळतात ६,३६,३६३. ए ते एफ अक्षरं या तीन बाइटांत येताच कामा नयेत.

‘फाइल डेटा इज डिस्ट्रॉइड’

हा संदेश आला म्हणजे फाइल खरोखर नष्ट झालेली नसते. चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, जुळलेला नसतो. गेम सेव्ह करताना २५९८ ते ३५२२ या पट्ट्यातल्या सगळ्या ३,९७९ बाइटांची बेरीज करतो, तिचे शेवटचे आठ बिट घेतो, ते उलटवतो (शून्याचा एक, एकाचा शून्य) आणि ३५२३ वर लिहून ठेवतो. लोड करताना हाच हिशेब पुन्हा होतो. पहिल्यांदा जुळला नाही तर गेम आणखी एकदा मोजून बघतो, आणि तरीही जुळला नाही तरच हा संदेश येतो. तुमचं नाव, बॅग, पैसे, गेममधल्या पीसीत ठेवलेल्या वस्तू, सोबतचे पोकेमॉन हे सगळं या पट्ट्यात येतं, म्हणून एक पोशन वाढवला तरी ३५२३ बदलावाच लागतो.

संदेश आल्यावर ‘न्यू गेम’ सुरू करून चुकूनही सेव्ह करू नका. फाइल तोवर जशीच्या तशी असते, ती नव्या सेव्हने जाते.

चेकसम दोन प्रकारे दुरुस्त होतो. एचएक्सडी या मोफत एडिटरमध्ये ब्लॉक निवडायच्या खिडकीत २५९८ ते ३५२२ टाका, मग अ‍ॅनालिसिस मेनूतून चेकसम-८ काढा. आलेलं उत्तर एफएफमधून वजा करा आणि ते ३५२३ वर लिहा. निवड ३५२३ पर्यंत गेली तर उत्तर चुकतं. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो.

दुसरी पद्धत बदल थोडे असतील तर जास्त सोयीची आहे. सगळी बेरीज पुन्हा करायची गरज नाही, फक्त किती फरक पडला ते मोजा. वरच्या उदाहरणात, सगळं दशमानात: मोजणीचा बाइट १ ने वाढला, पोशन ३ वरून ९९ म्हणजे ९६ ने. एफएफच्या, म्हणजे २५५ च्या जागी ४० आले, म्हणजे २१५ ने घट. शून्याच्या जागी ९९ म्हणजे ९९ ने वाढ, आणि शेवटी शून्याच्या जागी २५५. एकूण १ + ९६ − २१५ + ९९ + २५५ = २३६. जुन्या चेकसममधून हा फरक वजा करायचा आणि उत्तर ऋण आलं तर २५६ मिळवायचे. जुना चेकसम हेक्समध्ये ७ए, म्हणजे १२२ असेल, तर १२२ − २३६ = −११४, त्यात २५६ मिळवून १४२, हेक्समध्ये ८ई. ३५२३ वर ८ई लिहा, गेम सुरळीत उघडेल.

या पद्धतीत एकच खाच आहे. एफएफच्या पलीकडचे बाइट नेहमी शून्यच असतील असं धरू नका. फेकलेल्या किंवा संपलेल्या वस्तूंचे अवशेष तिथे राहतात. बदलण्याआधी तिथे प्रत्यक्षात काय आहे ते बघून त्याच आकड्यावरून फरक काढा.

खरं तर फाइलला हात लावायची गरजच नसते

इम्युलेटरमध्ये मेमरी बघायची सोय असेल तर बॅग चालू खेळातच बदला. चेकसमचा सगळा त्रास वाचतो, कारण नंतर खेळातून सेव्ह केलं की गेम स्वतःच तो मोजून लिहितो. फाइल एडिट करण्यापेक्षा हीच पद्धत वापरावी असा आमचा स्पष्ट आग्रह आहे. फाइलची पद्धत ठेवायची ती खेळ उघडतच नसेल तेव्हासाठी.

एमजीबीएमध्ये टूल्स मेनूत ‘गेम स्टेट व्ह्यूज’खाली मेमरीची खिडकी आहे. ‘कंटिन्यू’तून आत या, स्टार्टचा मेनू बंद असू द्या, गेम पॉज करा. डी३१डी वर जा आणि पडद्यावरच्या बॅगेशी आधी ताडून बघा: पहिला आकडा प्रकारांइतका आहे का, पहिली जोडी पहिल्या वस्तूची आहे का. जुळलं नाही तर आवृत्ती वेगळी आहे, लिहू नका. जुळलं तर वर सांगितल्याप्रमाणे मोजणी, जोडी आणि एफएफ तिन्ही लिहा, पॉज काढा, मग बॅग उघडा. बॅग उघडी असताना लिहिलं तर पडद्यावर जुनी यादी राहते आणि आपण चुकलो असं वाटून माणूस पुन्हा पुन्हा लिहीत बसतो. सगळं नीट दिसलं की स्टार्ट, सेव्ह. स्टेट नव्हे, खेळातला सेव्ह.

बॅगेत जागा नसेल तर पीसीतल्या वस्तूंची यादी डी५३ए पासून आहे, फाइलमध्ये २७ई६ पासून. रचना तीच, फक्त ५० प्रकारांची. भरलेल्या बॅगेत एकविसावी वस्तू कोंबू नका. ती पैशांवर जाऊन बसेल.

सहाव्या वस्तूची संख्या अचानक १२८ ने वाढलेली दिसली तर ती तुमची चूक नाही. मिसिंगनो (गेममधल्या बिघाडातून दिसणारा पोकेमॉन) समोर आला की गेम ‘पाहिलेले पोकेमॉन’ या यादीत त्याची नोंद करायला जातो. त्याचा पोकेडेक्समधला (पोकेमॉनच्या नोंदवहीतला) क्रमांक शून्य असल्यामुळे ती नोंद यादीच्या बाहेर, डी३२९ या बाइटच्या सर्वांत वरच्या बिटवर पडते. डी३२९ म्हणजे सहाव्या वस्तूची संख्या. नको असेल तर तिथे ६३ किंवा त्याहून कमी आकडा लिहा.

चीट कोड वापरत असाल तर

फोनवरच्या बऱ्याच इम्युलेटरमध्ये मेमरीची खिडकी नसते, तिथे गेमशार्क या जुन्या चीट उपकरणाच्या धर्तीचा कोड हाच मार्ग. त्याची घडण समजून घ्या: ०१, मग लिहायचा आकडा, मग पत्त्याचे दोन बाइट उलट्या क्रमाने. पहिल्या जागी रेअर कँडीसाठी ०१२८१ईडी३, तिची संख्या ९९ करण्यासाठी ०१६३१एफडी३. यलोमध्ये पत्ता एकाने मागे, म्हणजे ०१२८१डीडी३ आणि ०१६३१ईडी३.

हा कोड एकदा लिहून थांबत नाही. चालू आहे तोवर सतत लिहीत राहतो. त्यामुळे पहिल्या जागी जे येईल ते नष्ट होतं. आधी पहिल्या जागी एखादी फुटकळ वस्तू आणा. बॅगेत सिलेक्ट दाबून दोन वस्तूंच्या जागा बदलता येतात. कोड चालू करा, बॅग उघडून वस्तू आली का बघा, कोड लगेच बंद करा, मग खेळातून सेव्ह. बॅग पूर्ण रिकामी असताना कोड लावू नका. तेव्हा पहिल्या जागी वस्तू नसून एफएफ असतो, आणि तोच पुसला जातो.

सुरुवातीपासून कोड चालू ठेवून खेळणारे हमखास एकाच ठिकाणी अडकतात. व्हिरिडियन गावच्या दुकानात मिळालेलं प्रोफेसर ओकचं पार्सल पहिल्या जागी पडतं आणि कोड त्याची रेअर कँडी करून टाकतो. ओक बॅगेत पार्सल शोधतो, ते सापडत नाही, म्हणून पोकेडेक्स देत नाही. दुकानदाराच्या दृष्टीने पार्सल देऊन झालेलं असतं, त्यामुळे तो दुसरं देत नाही. अशा वेळी नवा खेळ सुरू करायचं कारण नाही. सगळे कोड बंद करा आणि बॅगेतल्या एखाद्या नकोशा वस्तूचा क्रमांक बदलून ४६ करा, संख्या ०१. मोजणी आणि एफएफ तसेच राहू द्या, कारण वस्तू वाढलेली नाही, फक्त बदलली आहे. मेमरीची खिडकी नसेल तर ०१४६१ईडी३ आणि ०१०११एफडी३ हे दोन कोड लावा, बॅगेत पार्सल दिसलं की दोन्ही काढा. मग पॅलेट टाउनला जाऊन ओकशी बोला. तो पार्सल घेतो, पोकेडेक्स देतो, आणि व्हिरिडियनच्या उत्तरेला आडवा पडलेला म्हातारा वाट सोडतो.